सरांच्या हातच्या गोळ्या

निंबाळवाडी, आष्टीजवळ
१२ जानेवारी २०२५

चि. आकांक्षास,
बेबीआत्याचा सप्रेम जय भीम.

आम्ही इकडे सुखरूप आहोत, तूही असशील. असशील असं म्हणते, कारण तू माझा फोन उचलत नाहीस. मेसेज टाकता आला असता, पण आमच्याकडे मोबाइलवर लिहिलेलं आधी गावाला कळतं आणि मग ज्याचं त्याला. म्हणून पत्र. आयुष्यभर पोरांना शुद्धलेखन शिकवलं, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

तूर काढून झाली. थंडी यंदा बरी पडली. तुझा आतेभाऊ भारत आता नुसता माझा मुलगा राहिलेला नाही, तो डॉ. तातेराव वाहुळे स्मारक समितीचा अध्यक्ष झाला आहे. भाकरी मागतानासुद्धा माइकसमोर उभा असल्यासारखा मागतो. सून संध्या शिवणाच्या कामात. नात पायल सातवीत आहे, उंची वाढली, दातांवर थोडे पिवळे डाग आलेत. या वयात पोरी दात कुठे नीट घासतात.

आता कामाचं. मार्चमध्ये दादाच्या, तुझ्या पप्पांच्या, स्मृतिदिनाला वस्तीत त्याचा पुतळा बसतो आहे. मुंबईचे पाहुणे येणार आहेत. भारतनं मला दादाच्या जीवनावर दोन पानं लिहायला सांगितली, ती मी लिहिली आणि त्यानं निम्मी खोडली. मोट शिवायचं चामडं कमावणाऱ्या बापाचा पोरगा औरंगाबादला शिकला, जर्मनीला गेला, पदार्थाच्या पृष्ठभागाला दुसरा पदार्थ कसा चिकटतो यावर त्यानं जे काम केलं त्याचं समीकरण आज एम.एस्सी.च्या पुस्तकात आहे, हे ठेवलं. तो रागीट होता, जेवणाच्या ताटावरून उठून जायचा, हे खोडलं. निवृत्त झाल्यावर गावी आला आणि बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड धरून ठेवणाऱ्या गोळ्या त्यानं लाल माती आणि तुरटीपासून आपल्या हातानं वळल्या, भाजल्या, टाकीत भरल्या, हे ठेवलं. त्याच्या मुलीनं जालन्याच्या भरल्या सभेत उठून त्याला प्रश्न विचारला, हे अर्थातच खोडलं.

तो प्रश्न मला अजून तोंडपाठ आहे. पहिली काही वर्षं, गोळ्यांना चिकटलेलं फ्लोराइड सुटावं म्हणून दादा त्या कास्टिक सोड्याच्या पाण्यानं धुवायचा, मग तुरटीत भिजवायचा, काही नव्या घालायचा. कास्टिकनं एका बाईचे हात भाजले, पैसाही आटला, आणि मग दादा म्हणायला लागला की नुसतं ऊन पुरतं. तू म्हणालीस, "पप्पा, ऊन पाणी नेतं. जे चिकटलंय ते नेत नाही." दादा घरी येऊन माझ्याशीसुद्धा बोलला नाही. तो गेला तेव्हा तुला अंत्ययात्रेत मागे उभं केलं गेलं, ते मी पाहिलं आहे आणि ते मला आवडलेलं नाही. पण तो विषय आज नको.

उन्हाचं मात्र आता व्रत झालं आहे. दर पौर्णिमेला बाया पांढरी लुगडी नेसून टाकी रिकामी करतात, विहारासमोर चटया अंथरून गोळ्या वाळत घालतात, त्रिशरण म्हणतात, आणि संध्याकाळी एकेक गोळी पुसून परत भरतात. फुटकी गोळीसुद्धा कुणी टाकत नाही. सरांच्या हातची आहे म्हणतात.

तू इथे असताना पाहिलं आहेस, वरच्या गल्लीतले साहेबराव पाटील पहिल्यांदा हंडा घेऊन आपल्या नळावर आले तो दिवस. रांगेत, माझ्या मागे उभे राहिले. ज्यांच्या विहिरीवर माझ्या आईच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे, त्यांचा मुलगा. दादा तेव्हा घरात जाऊन रडला होता, हे मी त्या दोन पानांत लिहिलं नाही. सगळंच का द्यायचं?

दिवाळीपासून वरच्या गल्लीचे हंडे कमी झाले आहेत. आधी एक घर, मग दुसरं. आता साहेबरावांकडेही जारचा टेम्पो थांबतो. भारत म्हणतो, जात कुठे जाते, झोपली होती, जागी झाली.

तर कार्यक्रमाला ये आणि बापाबद्दल दोन शब्द चांगले बोल, असा समितीचा निरोप आहे. मी तो पोहोचवला.

तुमच्या प्रयोगशाळेत पाणी तपासतात का गं अजून? सहज विचारलं.

तुझी,
बेबीआत्या

निंबाळवाडी
९ फेब्रुवारी २०२५

चि. आकांक्षास, जय भीम.

तुझं पत्र मिळालं. निरोपाचं उत्तर नाही, तब्येतीची चौकशी नाही, नुसते प्रश्न. गोळ्या कास्टिकनं शेवटच्या कधी धुतल्या, नव्या कधी घातल्या, कुणाचे गुडघे दुखतात का. बापाची लेक शोभतेस. पोस्टमननं पत्र भारतच्या हातात दिलं होतं, पण पाकीट फोडलेलं नव्हतं. निदान तसं दिसत नव्हतं.

दादाचे हात थकल्यापासून नवी गोळी पडलेली नाही. कास्टिक त्याच्याही आधीपासून नाही.

गुडघ्यांचं म्हणशील तर आमच्या वयात कुणाचे दुखत नाहीत? कडूबा वाकून चालतो, पण तो आयुष्यभर पोती उचलत आला. उषाबाईला मान वळवता येत नाही, कुणी मागून हाक मारली तर ती अख्खी फिरते, पोरं हसतात. पायलनं खो-खोतून नाव काढून घेतलं. खाली बसलं की उठायला वेळ लागतो म्हणते. अभ्यास वाढला असेल.

हे वाचून तुझ्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. माझ्याही पडल्या. म्हणून मी एक गोष्ट केली, ती तुला सांगते आणि तू कुणाला सांगू नकोस.

मी द्वारकाबाईंकडे गेले. साहेबरावांची बायको. आम्ही दोघी एका वर्गात होतो, ती पहिल्या बाकावर आणि मी दाराजवळ. इकडे सध्या वातावरण चांगलं नाही. मागच्या आठवड्यात कुणीतरी जारच्या टेम्पोची काच फोडली. आपलीच पोरं असणार. वरच्या गल्लीतल्या पोरांनी मग पुतळ्याच्या चौथऱ्याच्या विटा रात्रीतून विहिरीत टाकल्या. दोन्हीकडच्यांनी एकमेकांची नावं पोलिसात दिली आहेत. अशात मी भर दुपारी वरच्या गल्लीतून गेले, तर दारादारांत बाया बोलायच्या थांबल्या.

मी रागानं गेले होते. जाताना सगळं भाषण जुळवून ठेवलं होतं. आमचं पाणी गोड लागत होतं तेव्हा प्यायलात, आता पुतळा उभा राहतोय तर विटाळ झाला का, असं. तिनं बसायला चटई दिली, चहा केला. जारचं पाणी पातेल्यात ओतताना तिनं माझ्याकडे पाठ केली. मी विचारलं ते शेवटी भाषणासारखं आलंच नाही. नुसतं म्हणाले, "द्वारका, का गं सोडलं?"

तिनं पातेलं चुलीवर ठेवलं. मग म्हणाली, "बेबी, आमच्या नातवाला मागं जालन्याला नेल्तं. डागदर म्हन्ला, पानी कुटलं पिता? ते बंद करा जल्दी, हाडं धरून राह्यली पोराची. तवापासून बंद केलं बघ."

मी म्हणाले, मग आम्हाला का नाही सांगितलंस?

"काय सांगू? तुमचं पानी खराब हाय म्हणू? आमी म्हणू?" ती माझ्याकडे बघायला तयार नव्हती. "ह्येंनी चार डाव चप्पल घातली पायात, तुमच्याकडं यायला. अन् चार डाव काढली. म्हन्ले, माझ्या बापानं त्यांच्या पान्याला जे केलं, ते लोक इसरले न्हाईत. मी त्वांड उघडलं की त्येच ऐकू येईन त्यांना. मंग आमी गुमान जार लावला."

आकांक्षा, मला तिचा राग आला पाहिजे होता. आला नाही. साहेबराव तोंड उघडून बोलले असते तर मीच पहिली त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले असते आणि काय काय बोलले असते ते मला ठाऊक आहे. ते भाषण तर मी बरोबर घेऊनच गेले होते.

म्हणजे बघ. ते लाजून गप्प राहिले आणि आम्ही चिडून जास्त प्यायला लागलो. हो, जास्त. हंडे कमी झाले तेव्हा भारतनं सभा घेतली आणि ठराव केला, वस्तीतल्या कुठल्याही घरात जार येणार नाही. लग्नाच्या पंगतीलासुद्धा नळाचंच. ज्याच्या घरात जार दिसेल तो सरांचा वैरी. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला.

चहा पिऊन परत येताना मी नळाची एक बाटली भरली आणि एक टाकीत पडण्याआधीच्या बोअरच्या पाण्याची. दोन्हींवर चिठ्ठ्या चिकटवल्यात. परतूरहून पुण्याला येणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे दिल्यात, त्याला तुझा नंबर दिला आहे. कागदात गुंडाळून, काकवी आहे असं सांगितलं. भरताना समितीच्या एका पोरानं पाहिलं, आणि संध्याकाळी भारतनं जेवताना विचारलं, आई, बाटली कशाला? मी म्हणाले, शेवग्याच्या रोपाला. तो हसला नाही.

अजून एक. कार्यक्रमात नवीन ठरलं आहे. टाकीतल्या गोळ्यांमधून आसपासच्या प्रत्येक वस्तीच्या प्रतिनिधीला एक ओंजळ गोळ्या कापडात बांधून द्यायच्या, त्यांच्या त्यांच्या टाकीत घालायला. सरांचा वारसा गावोगाव. पहिला ग्लास पाहुण्यांना आणि शाळेच्या पोरांना पायलच्या हातून.

बाटल्या मिळाल्या की लगेच बघ.

तुझी आत्या

निंबाळवाडी
३ मार्च २०२५

लाडक्या आकांक्षा,

पत्र पोहोचेल तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल. पुतळा परवा आहे. तरी लिहिते, कारण जे लोक तुला सांगतील ते मी सांगितलेलं असावं.

तुझा फोन आला तेव्हा मी गोठ्यात गेले होते, म्हणून नीट बोलता आलं नाही. तू म्हणालीस, बोअरच्या कच्च्या पाण्यात आहे त्यापेक्षा नळाच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. मी दोनदा विचारलं, चिठ्ठ्यांची अदलाबदल तर नाही ना झाली. तू समजावून सांगितलंस, एसटी गच्च भरली की नवे चढणारे आत शिरतात आणि आधीचे दुसऱ्या दारातून बाहेर पडतात, तसं. गोळ्यांनी वर्षानुवर्षं जे धरून ठेवलं ते आता सोडायला लागल्या आहेत. मग तू म्हणालीस, "आत्या, बंद करा." तुझा आवाज जिंकल्यासारखा नव्हता. ते मी लक्षात ठेवलं आहे.

आता पायलचं लिहिते. दोन पत्रांत इकडून तिकडून लिहिलं, अभ्यास म्हणाले, दात घासत नाही म्हणाले. पोरीचे पाय गुडघ्यातून आत वळायला लागले आहेत. पहाटे उठते तेव्हा कंबर धरून भिंतीला टेकत टेकत मोरीपर्यंत जाते, आणि मी बघत असले की हात काढून सरळ चालून दाखवते. मला हे संक्रांतीच्या आधीपासून दिसत होतं. दिसत होतं आणि मी तुला तूर काढून झाली असं लिहीत होते.

काल संध्याला धरून विचारलं तेव्हा ती रडायला लागली. भारत आणि ती पोरीला मागच्या महिन्यात जालन्याला दाखवून आले होते. मला सांगितलं होतं, व्हिटॅमिन कमी आहे. डॉक्टरनं तेच विचारलं जे द्वारकेच्या नातवाच्या वेळी विचारलं. पाणी कुठलं. हाडात बसलं आहे, आता निदान वाढू देऊ नका म्हणाला. भारतनं गाडीतच तिला शपथ घातली की कार्यक्रम होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. आणि पोरीला घरी आल्यावर नळाचंच पाणी. शाळेत मात्र जारचं पी, कुणाला दिसू देऊ नकोस, असं संध्यानं पायलच्या कानात सांगून ठेवलं होतं. माझ्या घरात, माझ्या नाकासमोर.

मी भारतला चौथऱ्यावर जाऊन गाठलं. विटा पुन्हा रचून झाल्या होत्या, मांडवाचे बांबू पडले होते. सगळ्यांसमोर बोलले नाही, बाजूला घेतलं. त्याला माहीत होतं की मला कळलंय. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

म्हणाला, "आई, दोन दिवस. पुतळा बसू दे, पाहुणे जाऊ दे, मंग गुपचूप गोळ्या बदलू. आता बोललो तर मामा खोटा पडंन. पेपरात काय छापतील तुला म्हाईत न्हाई? वरच्या गल्लीचे लोक आपल्या नळावर हंडा घेऊन उभे राह्यले, हे ह्या गावानं बघितलं. ते तू पुसून टाकणार का?"

मी म्हणाले, "ते लोक कधीच गेले रे. आपणच तेवढे रांगेत राहिलोय."

त्याला द्वारकेनं जे सांगितलं ते सगळं सांगितलं. साहेबराव चार वेळा चप्पल घालून निघाले होते, तेही. त्यानं ऐकलं. त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता हा खाली बसेल. पण मागून कुणीतरी अध्यक्षसाहेब म्हणून हाक मारली आणि तो गेला. जाता जाता म्हणाला, "आई, नळाला हात लावू नको. पोरं ऐकायची न्हाईत. मी बी आवरू शकणार न्हाई त्यांना." धमकी नव्हती ती. त्याला खरंच भीती वाटत होती, माझ्यासाठी. म्हणून मला जास्त भीती वाटली.

रात्रभर मी विचार केला. तुला बोलावून घ्यावं असं आधी वाटलं. मग वाटलं, तू आलीस तर म्हणतील बापावर सूड घ्यायला आली. साहेबरावांनी बंद केलं तर म्हणतील जात. मी एकटीनं बंद केलं तर म्हणतील म्हातारीला वरच्या गल्लीनं फितवलं, बाटली भरताना पाहिलीच होती. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्हींत तेच पाणी.

सकाळी द्वारका स्वतः आली. वस्तीत, आपल्या दारात, इतक्या वर्षांत पहिल्यांदा नळ सोडून पुढे आली. मी तिला काही निरोप धाडला नव्हता. संध्यानं धाडला होता. ती ओट्यावर बसली आणि पदराखालून पाइपाचा मोठा पाना काढून बाजूला ठेवला. म्हणाली, "तू एकली गेलीस तर तुझे लोक तुला मारतील. मी एकली गेले तर गाव पेटंन. दोघी जाऊ. दोघींचा हात दिसू दे सगळ्यांला." साहेबराव येतो म्हणत होते, तिनं नको म्हटलं. बाप्ये आले की मारामारी होते, बायांना निदान आधी विचारतात, असं तिचं म्हणणं. मला ते तितकंसं पटलेलं नाही, पण तिला तसं म्हणाले नाही.

तर आता आम्ही निघतो आहोत. नळाचा कॉक बंद करायचा, पाना लावून तोटी काढून घ्यायची, आणि विचारतील त्याला तिथेच उभं राहून सांगायचं. पायलला मी बरोबर घेणार होते, लोकांना तिचे पाय दाखवायला. मग वाटलं, पोर म्हणजे काही पुरावा नाही. तिला संध्याजवळ आत ठेवलं आहे आणि दाराला कडी लावायला सांगितलं आहे.

दादाला मी खोटं ठरवणार नाही, हे तुला आधीच सांगून ठेवते. माझ्या भावानं हे पाणी खरोखर गोड केलं होतं. वस्तीतली एक अख्खी पिढी सरळ पायांनी चालते ती त्याच्यामुळे, तूही हे नाकारू नकोस. शेवटी तो थकला आणि उन्हावर भरवसा ठेवून बसला, आणि त्याच्या मुलीनं त्याला वेळेवर सांगितलं होतं. हे दोन्ही मी सांगणार आहे, एका दमात, नळावर उभी राहून. भारतनं खोडलेलं मला पाठ आहे.

मांडवाकडून माणसांचा आवाज यायला लागला आहे. संध्यानं निरोप धाडला तो आणखी कुणाच्या तरी कानावर गेला असावा. द्वारका उठून उभी राहिली आहे, मला म्हणते आहे, किती लिहितेस. पोस्टाची पेटी वाटेतच आहे, आधी त्यात हे टाकेन आणि मग पुढे जाईन.

परवाच्या कार्यक्रमाला तू येऊ नकोस. त्यानंतर ये. आमच्या दारात कुणी येईनासं होईल, तेव्हा ये, आणि येताना नव्या गोळ्या कशा करायच्या ते शिकवायच्या तयारीनं ये.

नळापर्यंत तातेराव वाहुळेंची बहीण, आणि तिथून पुढे फक्त पायलची आजी,
बेबीनंदा